सातवा फर्मा

बाइंडरकाकांच्या हाताखालून काही हजार पुस्तकं गेली होती, आणि त्यांनी एकही धड वाचलं नव्हतं.

हे ते लपवत नसत. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. एका घडीला फर्मा म्हणतात. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून खिळखिळं झालेलं पुस्तक आलं की काका ते उसवत, फर्मे सुटे करत, पाठीवरचा जुना सरस खरवडत, फाटक्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी चिकटवत आणि पुन्हा ओळीने लावून शिवत. ओळ बरोबर लागली की नाही हे कळायला एका फर्म्याची शेवटची ओळ वाचायची आणि पुढच्याची पहिली. वाक्याला वाक्य जुळलं की दोरा ओढायचा. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं अशी वाचली. सोळा आणि सतरा. बत्तीस आणि तेहेतीस. मधलं काय ते लिहिणारा जाणे आणि वाचणारा जाणे.

एवढ्यावरही माणूस पुष्कळ शिकतो. काकांचं म्हणणं असं की तेहेतिसाव्या पानापर्यंत प्रेत सापडलं नाही, तर त्या रहस्यकथेला वाचनालयात कुणी हात लावत नाही. प्रेमकथेत सतराव्या पानावर ओळख होते आणि एक्याऐंशीव्या पानावर गैरसमज. आत्मचरित्रातला माणूस एकोणपन्नासाव्या पानापर्यंत गरीब असतो. यात न बसणारं पुस्तक एक तर फार चांगलं असतं, नाही तर फार वाईट, आणि दोन्ही त्यांच्याकडे क्वचितच येत. कारण फाटायला आधी पुस्तक कुणी तरी वाचावं लागतं.

काकू यावर हसत. त्यांना स्वतःला वेड सिनेमांचं. पण त्यांचंही पाहणं जगावेगळं. नायक-नायिका काय बोलतात याकडे त्यांचं लक्ष नसे. त्या मागचं सामान बघत. हिरव्या मखमलीचा एक सोफा त्यांनी तीन वेगवेगळ्या सिनेमांत पकडला होता. एकात तो श्रीमंत बापाच्या बंगल्यात होता, दुसऱ्यात डॉक्टरच्या दवाखान्यात, आणि तिसऱ्यात तस्कराच्या अड्ड्यावर. "बिचारा कुठून कुठे आला," असं त्या म्हणत, जणू तो सोफा माहेरच्या ओळखीतला असावा.

अशा या घरात इंटरनेट आलं ते एमेमुळे.

एमे म्हणजे साहित्यात एम.ए. झालेली एक मुलगी. वाचनालयाची यादी कम्प्युटरवर चढवण्याचं काम तिला मिळालं होतं. नाव काकूंनीच ठेवलेलं. एकदा ती बांधणीची पुस्तकं न्यायला आली आणि गठ्ठ्यातली सर्वांत वरची कादंबरी आपण अभ्यासाला घेतली होती, असं सहज म्हणाली. काकांनी मान वर न करता विचारलं, म्हणजे ज्यात पासष्टाव्या पानावर तो नदीकाठी चप्पल विसरतो तीच ना. एमेने दोन वर्षं त्या कादंबरीवर टिपणं काढली होती. चप्पल तिला आठवेना. तिने तिथेच उभं राहून पान उघडलं. चप्पल होती. मग तिने काकांचा फोन मागून घेतला आणि त्यात एक पान उघडून दिलं.

त्या पानाचं नाव होतं ‘विसरलेली पुस्तकं’. तिथे देशोदेशीचे लोक मराठीतून विचारत. लहानपणी एक गोष्ट वाचली होती, नाव आठवत नाही, त्यात एक मुलगा घड्याळाच्या दुकानात झोपतो. एक कादंबरी होती, निळं मुखपृष्ठ, शेवटी ती त्याला ओळखत नाही. बाकीचे अंदाज बांधत. काकांनी पहिल्याच आठवड्यात अकरा पुस्तकं ओळखली. तिथे टोपणनाव घ्यावं लागे. त्यांनी ‘फर्मा’ घेतलं. महिन्याभरात लोक त्यांना फर्माजी म्हणू लागले, आणि कुठला प्रश्न अडला की "फर्माजींना बोलवा" असं लिहू लागले.

काका या वयात बहरले. दुपारचा चहा झाला की चष्मा पुसून, एका बोटाने टकटक करत ते रोज काही तरी लिहीत. पुस्तकांत सापडलेल्या खुणांविषयी लिहीत: बसची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, एकदा तर चपटी झालेली मुंगी, बरोबर त्या पानावर जिथे नायिका साखर सांडते. काकूंच्या सोफ्याविषयी त्यांनी लिहिलं तेव्हा तर लोक वेडे झाले. कुणी चौथा सिनेमा शोधून काढला, त्यात सोफ्यावर चादर घातलेली होती, पण पाय तेच. काकू दोन दिवस हवेत होत्या. मग कुणी तरी त्यांना दूरच्या कुठल्या तरी गावातला एक चौक दाखवला. त्या चौकात कॅमेरा लावलेला होता आणि चोवीस तास नुसता चौक दिसे. काही घडत नसे. एक कुत्रा रस्ता ओलांडी. एक बाई दुकानाची काच पुसे. काका-काकू चहा घेताना तो चौक लावून बसत. "आज कुत्रा उशिरा आला," काकू म्हणत.

कौतुकाने माणूस थोडा फुगतो. काकाही फुगले. एकदा कुणी लिहिलं की जुन्या बांधणीत पानं हमखास मागेपुढे झालेली असतात. काकांना ते लागलं. त्यांनी उत्तर दिलं: मी चव्वेचाळीस वर्षं हे काम करतो. माझ्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही. ज्याला सापडेल त्याने दाखवावा. त्याखाली दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यानंतर तीन आठवड्यांनी वॉर्डताईंनी लिहिलं.

त्या पानावर काही प्रश्न कधीच सुटले नव्हते. त्यातला सर्वांत प्रसिद्ध वॉर्डताईंचा. ‘वॉर्ड नंबर चार’ हे त्यांचं टोपणनाव, कारण त्या निवृत्त नर्स होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक रहस्यकथा विचारली होती आणि ती इतकी विचित्र होती की लोकांनी त्यावर विनोद केले. कुणी एक चित्र काढलं, इन्स्पेक्टर झारीने लिंबाच्या झाडाला पाणी घालतोय असं, आणि ते चित्र शुभ सकाळ म्हणून फोनाफोनी फिरलं. काकांनीही ते कुणाला तरी पाठवलं होतं. मूळ प्रश्न मात्र त्यांनी वाचला नव्हता. तो त्यांच्या येण्याआधीचा.

आता ताईंनी पुन्हा लिहिलं होतं. काका दुपारी शिवायला बसले होते. एका हातात दाभण, समोर फोन खळीच्या डब्याला टेकवलेला.

"सहा वर्षांपूर्वी मी इथे एक पुस्तक विचारलं होतं," ताईंनी लिहिलं होतं. "खुनाची गोष्ट. इन्स्पेक्टर हॉटेलातल्या बारा नंबरच्या खोलीचं दार ढकलतो. आत एक बाई टेबलापाशी बसून पत्र लिहीत असते. मग ते पत्रच सुरू होतं. ती नवऱ्याला सोडून एकटी राहायला आलेली आहे. बहिणीला सांगते की मी एकच कप विकत घेतला, कुंडीत लिंबू लावलं, आणि आज दिवसभरात मला कुणी कशाचा जाब विचारला नाही. पंधरा-सोळा पानं तेच. मग ती दार ओढून बाहेर पडते, आणि पुढच्या ओळीत इन्स्पेक्टर जीपमध्ये बसलेला असतो आणि त्याला खुनी कळलेला असतो. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. भावाकडे राहात होते, पुस्तक तिथल्या वाचनालयातलं. मला नवऱ्याकडे परत पाठवायचं ठरत होतं. ती पानं वाचून मी गेले नाही. नर्सिंगला नाव घातलं.

"तुम्ही सगळे हसलात त्याचं मला काही नाही. मीही हसले. पण आता डॉक्टर म्हणतात की माझी स्मृती हळूहळू जाणार. आणि भाऊ म्हणतो, असलं पुस्तक नव्हतंच, तुझ्या डोक्यात तेव्हापासूनच गडबड आहे. पुस्तक मिळालं नाही तरी चालेल. ते होतं, एवढं कळलं तरी पुरे. नसेल, तर मला जे जे आठवतं त्यातलं किती खरं धरू?"

‘पंधरा-सोळा पानं’ या शब्दांपाशी काकांचा हात थांबला.

बाई पत्र लिहीत असल्याचं ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. ‘आत एक बाई’ इथे शहाण्णवावं पान संपत होतं. ‘टेबलापाशी बसून पत्र लिहीत होती’ इथे सत्त्याण्णवावं सुरू होत होतं. त्यांनी स्वतः ते जुळवलं होतं आणि दोरा ओढला होता. चांगलं जुळलं होतं. फारच चांगलं जुळलं होतं.

काकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा काका दाभण हातात धरून खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, वाचनालयात जाऊन येतो. चहा तसाच राहिला. काकू सांगतात की लग्नानंतर काकांनी चहा असा टाकल्याची ती दुसरी वेळ.

वाचनालयात ती रहस्यकथा नव्हती. ग्रंथपालबाईंच्या रजिस्टरात तिची नोंद होती. ती एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा वाचायला गेली होती आणि तेरा वर्षांपूर्वी चिंध्या होऊन रद्दीत गेली होती. काका एमेकडे वळले. त्याच छापखान्याची, त्याच आकाराची, त्या काळातली किती पुस्तकं अजून कपाटात आहेत, ते तिला काढायला सांगितलं. हा छापखाना काटकसरी होता. त्याची पुस्तकं दोन वाचनांत सुटत, म्हणून वाचनालय ती नवी असतानाच बांधून घेई. दुसरे छापखाने प्रत्येक फर्म्याच्या पायाशी बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव टाकत. हा नुसता आकडा टाकायचा. कागद एक, टाइप एक, रुंदी एक. एकाच टेबलावर दोन पुस्तकं उसवून ठेवली तर सातवा फर्मा कुणाचा हे वाचूनच ओळखायचं. काकांनी तेव्हा वाचून ओळखलं होतं. त्यांच्या पद्धतीने.

यादीत एकोणीस पुस्तकं निघाली. काका जमिनीवर बसले आणि एकेकाचं सत्त्याण्णवावं पान उघडू लागले. एमे स्टुलावर चढून पुस्तकं देत होती आणि खालची परत लावत होती. काय शोधतोय ते काकांनी तिला सांगितलं नव्हतं.

सोळावं पुस्तक एक कादंबरी होती. पाठ कोरी करकरीत. मागच्या चिठ्ठीवर तारखा चारच. शहाण्णवावं पान ‘दुपारभर ती’ या शब्दांनी संपत होतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: जमिनीवर पालथी पडली होती. इन्स्पेक्टरने राखदाणीतली थोटकं मोजली. समासात कुणी तरी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, लहानसं, संकोचून काढल्यासारखं.

म्हणजे चाळिसांहून जास्त वर्षांत चार जणांनी हे पुस्तक नेलं होतं. त्यातल्या एकालाच शंका आली होती, आणि त्यानेही ती स्वतःवरच घेतली होती.

काकांनी पुस्तक उलटं करून मागचा पुठ्ठा उघडला. आतल्या कोपऱ्यात ते बांधणीची तारीख टाकत. तारीख वाचून ते एमेला म्हणाले, "दुसऱ्या दिवशी आमची मुलगी झाली."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. एमेने दोन वर्षं कादंबरीची रचना, निवेदक, काळ हे सगळं शिकून परीक्षा दिली होती. ती स्टुलावरच बसून राहिली. जगातलं एक पुस्तक, ज्याची एकच प्रत होती, ज्याला लेखक नव्हता, आणि ज्याने एका बाईला घरातून बाहेर काढलं. ते या समोरच्या माणसाच्या हातून झालं होतं आणि त्याला ते आज कळत होतं. तिने फक्त विचारलं, पाणी आणू का काका.

घरी काकूंना तारीख सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्या बाळंतपणावर ढकलणार."

"ढकलत नाही गं. त्या दिवशी तू दवाखान्यात. मी तीनदा जाऊन आलो. मध्ये मध्ये शिवत होतो."

"मग कशाला शिवत होतात? राहायचं तिथेच."

"तूच म्हणालीस, डोळ्यांसमोर उभे राहू नका."

हे खरं होतं. काकूंनी विषय बदलला.

पुढचे तीन दिवस काकांनी फोनला हात लावला नाही. दूरचा तो चौकही लावला नाही. पानावर लोक ताईंना धीर देत होते. कुणी लिहिलं, ताई, मन कधी कधी दोन पुस्तकं मिसळतं. ताईंनी त्याला उत्तर दिलं होतं: तसंच असेल. ते वाचून एमे धावत आली. तिचं म्हणणं असं की काकांनी ताईंना एकट्यांनाच खासगीत कळवावं. तेवढ्याने काम होईल. जाहीर कशाला लिहायचं. त्या ‘एक फर्मा इकडचा तिकडे’वाल्या मजकुराखाली दोनशे टाळ्या आहेत. लोक वाईट असतात. आता इन्स्पेक्टरऐवजी तुमचं चित्र काढतील.

काकांनाही तेच हवं होतं. त्यांना आपल्या हाताचा अभिमान होता आणि दुसरं फारसं काही नव्हतं. शाळा सातवीत सुटलेली. दुकानाला पाटी नाही. ज्यांची पुस्तकं बांधली त्यातल्या एकाही लेखकाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. फर्मा कधी चुकला नाही, एवढं एक वाक्य त्यांनी स्वतःविषयी कमावलं होतं. ते पुसायचं म्हणजे पाटी पुसल्यासारखंच.

रात्रीच्या जेवणाची भाजी चिरता चिरता काकूंनी ते ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला हसले ते चारचौघांत हसले. आणि खरं मात्र कानात सांगायचं होय?"

काका उठले. चष्मा पुसला. एका बोटाने लिहायला त्यांना तास लागला. एमेने शुद्धलेखन तपासू का विचारलं तर नको म्हणाले.

"वॉर्ड नंबर चार या ताईंस," त्यांनी लिहिलं. "तुम्हाला आठवतं ते पुस्तक होतं. ते मी केलं. दोन पुस्तकं टेबलावर होती. एक खुनाची, एक त्या बाईची. दोन्हींचे सातवे फर्मे माझ्याकडून आलटून पालटून शिवले गेले. वाक्यं जुळली म्हणून मला कळलं नाही. म्हणून तसं पुस्तक जगात दुसरीकडे कुणाला मिळालं नाही. तुमची प्रत रद्दीत गेली. पण दुसरं पुस्तक सापडलं. त्यात सत्त्याण्णव ते एकशे बारा या पानांत तुमच्या इन्स्पेक्टरला सापडलेलं प्रेत आहे. फोटो खाली दिले आहेत. तुमच्या डोक्यात गडबड नव्हती. माझ्या हातात होती. इथे मी कधी फर्मा चुकलो नाही असं लिहिलं होतं, ते खोटं ठरलं. माफी असावी. बाइंडर."

‘फर्मा’ असं न लिहिता त्यांनी बाइंडर असं लिहिलं.

एमेला वाटलं होतं तसं झालं नाही. कुणी चित्र काढलं नाही. मग एकाने लिहिलं, माझ्या आजीलाही आम्ही असंच हसायचो. त्याखाली दुसऱ्याने, तिसऱ्याने आपापल्या घरातल्या माणसांविषयी लिहिलं. ज्याने इन्स्पेक्टर आणि लिंबाचं चित्र काढलं होतं त्याने ते काढून टाकलं आणि ताईंची क्षमा मागितली. ताईंनी त्याला कळवलं की चित्र परत लाव, ते मला आवडायचं.

काकांना त्यांनी खासगीत एकच ओळ पाठवली. माझा नंबर देते, फोन करता का.

फोन केला तर भाचीने उचलला. ताई भाचीकडे राहात होत्या. भाचीने सांगितलं की मावशीने तो मजकूर छापून घेतला आणि भावाला पाठवला. भाऊ म्हणजे भाचीचे मामा. मामांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मावशी म्हणते, चाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच माझं ऐकलं, अंगठ्यावर का होईना.

मग ताई स्वतः बोलल्या. काकांनी परत माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी ती मध्येच तोडली. त्यांना वेगळंच काही हवं होतं.

"भाऊ, त्या बाईचं पुढे काय झालं?"

हा भाऊ म्हणजे आता काका. ताईंनी आयुष्यभर त्या बाईची सोळाच पानं वाचली होती. ती कोण, कुठून आली, नवऱ्याला का सोडलं, बहिणीने पत्राला उत्तर दिलं का, काही ठाऊक नव्हतं. आणि काकांनी ते पुस्तक स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, तरी त्यांनाही ठाऊक नव्हतं. एमेने ती कादंबरी दुसरीकडे कुठे मिळते का ते पाहिलं. कुठेच नव्हती. छापखाना बंद होऊन जमाना झालेला.

तेव्हा असं ठरलं की दर रविवारी चार वाजता काकांनी फोन करायचा आणि वाचून दाखवायचं.

पहिल्या रविवारी त्यांची फार तारांबळ उडाली. सलग वाचायची सवय नव्हती. दुसऱ्या पानावरून तिसऱ्या पानावर जाताना ते उगाच थांबत. काकू शेजारी बसून, चष्मा लावून ओळीवर बोट फिरवत. त्यांनी आधी सांगितलं होतं की मला असल्या रडक्या कादंबऱ्या आवडत नाहीत, मी आपली फोन धरायला बसते. चाळिसाव्या पानावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या घरातलं कपाट लेखकाने दोनदा वेगळ्या भिंतीला ठेवलंय, अशी तक्रारही केली. काकांना मात्र काही विचित्र होत होतं. आयुष्यभर ते दारात उभे राहून घरं बघत आले होते. आज कुणी आत बसवलं होतं.

ताईंचा एखादा रविवार वाईट असे. त्या विचारत, तुम्ही कोण, आणि भाची हळूच सांगे. मग काका मागचं थोडं सांगून पुढे जात. ताई कधी म्हणत, हे तुम्ही मला कालच वाचून दाखवलंत. काका म्हणत, हो का, मग पुन्हा ऐका.

चौथ्या रविवारी शहाण्णवावं पान आलं.

"दुपारभर ती," काकांनी वाचलं, आणि थांबले. पुढच्या पानावर इन्स्पेक्टर होता.

"टेबलापाशी बसून पत्र लिहीत होती," पलीकडून ताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज बदलला होता. आता त्या सांगत होत्या आणि इकडे दोघं ऐकत होती. ती खोली कशी होती. भिंतीला ओल होती आणि ओलीचा आकार एखाद्या झोपलेल्या गाईसारखा होता. कुलूप नवीन होतं, किल्ली एकच होती, आणि पहिल्या रात्री ती किल्ली मुठीत धरूनच ती झोपली. एक कप. कुंडी, माती, लिंबाचं रोप. एका ठिकाणी ताई अडखळल्या. तिथे आणखी काही होतं, त्या म्हणाल्या, बहिणीच्या मुलांविषयी, ते गेलं. मग पुढे गेल्या. अर्धा तास लागला. काकूंनी ओट्यावरचं दूध उतू जाऊ दिलं.

"मग ती पत्राला तिकीट लावते," ताई म्हणाल्या, "आणि दार ओढून बाहेर पडते. एवढंच मला माहीत आहे. आता तुम्ही."

काकांनी एकशे तेरावं पान उघडलं. "परत आली तेव्हा," त्यांनी वाचलं.

पुढची ओळ त्यांच्या डोळ्यांना आधी दिसली आणि ते थबकले. काकूंनाही दिसली. ‘कुंडीतल्या डाळिंबाला पहिली कळी आली होती.’ काकूंनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली. नको.

एकच शब्द होता. कुणाला कळणार होतं? पुस्तकाची दुसरी प्रत नव्हती. ताई तिकडे वाट बघत होत्या. पण छापलेलं नाही ते जुळवून द्यायचं काकांकडून एकदा झालं होतं, न कळत. कळून करायला जीभ वळेना. त्यांनी काकूंचं बोट हळूच बाजूला केलं.

"परत आली तेव्हा कुंडीतल्या डाळिंबाला पहिली कळी आली होती."

"डाळिंब?" ताईंनी विचारलं.

"हो ताई. डाळिंब छापलंय."

"मग लिंबू कुठून आणलं मी?"

काकांना जे येत होतं तेच ते बोलले. "ताई, मी बाइंडर आहे. मला जोड तेवढा कळतो. ती बाहेर पडली असं तुम्ही सांगितलंत, आणि इथे ‘परत आली’ असं आहे. चपखल बसतंय. समोर तुमची सोळा पानं असती, तर मी दोरा ओढला असता."

ताई हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्याने, इतक्या की भाची धावत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. ताई तिला सांगत होत्या, अगं, गॅलरीतलं झाड. होस्टेलच्या खोलीत लावलं होतं, मग बदलीच्या गावी नवीन लावलं, मग इथे. तीन झाडं झाली.

"चाळीस वर्षं मी भलत्याच झाडाला पाणी घालतेय," त्या फोनवर म्हणाल्या.

"काढून टाकू नका हो," काकू एकदम म्हणाल्या. इतके रविवार त्या फोन धरायला म्हणून बसल्या होत्या, आज पहिल्यांदा बोलल्या.

"छे, काढते कशाला? यंदा बावीस लिंबं दिली त्याने." ताईंनी नाक पुसल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा. "हं, भाऊ. कळी आली. मग?"